शर्यतीच्या कडेची माणसे

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, ज्या महासागराचे पाणी आपल्या कोकण-गोमंतकाच्या पायांशी येते त्याच महासागराच्या काठी, डर्बन हे बंदर वसलेले आहे. तेथून आत डोंगरांच्या पायऱ्या चढत गेले म्हणजे सुमारे ८८ ते ९० किलोमीटरांवर पीटरमॅरित्झबर्ग हे नाताळ प्रांताचे जुने राजधानीचे नगर लागते. या दोन नगरांना जोडणाऱ्या जुन्या रस्त्यावरून १९२१ पासून माणसे एका दिवसात पायी धावत आली आहेत. एका वर्षी समुद्राकडून डोंगराकडे, तर बहुधा दुसऱ्या वर्षी डोंगराकडून समुद्राकडे, असा या ‘कॉम्रेड्स मॅरेथॉन’ शर्यतीचा क्रम आहे. मॅरेथॉनच्या दुपटीहून अधिक अंतराची ही शर्यत आपल्या प्रकारात जगातील सर्वांत जुनी व सर्वांत मोठी मानली जाते.

तिचा इतिहास लिहिणारे बहुधा विजेत्यांची नामावळी देतात आणि कोणी किती तासांत पल्ला गाठला ते सांगतात. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ते वीर नव्हेत. त्यांना पाणी देणारी, हाका मारणारी, त्यांची वाट पाहत थंडीत उभी राहिलेली, आणि एकदा तरी त्यांच्यावर टोमॅटो भिरकावणारी रस्त्याच्या कडेची माणसे हा आहे. या शर्यतीत कोणाला मान द्यावयाचा हा प्रश्न नियमपुस्तकाने सोडविण्याच्या कितीतरी आधी या माणसांनी आपल्या परीने सोडविला होता. ती कथा आपल्याकडे फारशी कोणी सांगितलेली दिसत नाही.

हा रस्ता आपणांस अगदीच परका नाही. १६ नोव्हेंबर १८६० रोजी ‘ट्रुरो’ नावाचे जहाज मद्रासेहून गिरमिटिया मजुरांची पहिली तुकडी घेऊन डर्बनला लागले, आणि नाताळच्या उसाच्या मळ्यांवर भारतीयांचे वास्तव्य सुरू झाले. ७ जून १८९३ च्या रात्री मोहनदास गांधी या तरुण बॅरिस्टरास पहिल्या वर्गाच्या डब्यातून खाली उतरविले गेले, ते याच पीटरमॅरित्झबर्गच्या स्थानकावर. पुढे नोव्हेंबर १९१२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले या दोन्ही नगरांत येऊन गेले. गिरमिटातून मुक्त झालेल्या मजुरांवर लादलेल्या तीन पौंडांच्या वार्षिक कराचा प्रश्न त्या भेटीत त्यांनी मुख्य मानला होता. गोखल्यांच्या त्या प्रवासाला नऊ वर्षे होतात न होतात तोच त्या डोंगरवाटेवर पहिली शर्यत धावली गेली.

शर्यतीची कल्पना व्हिक क्लॅपहॅम या आगगाडीच्या इंजिनचालकाची. पहिल्या महायुद्धात तो जर्मन पूर्व आफ्रिकेत पायदळात होता. तेथील मोहिमेत त्याच्या पलटणीने सुमारे २,७०० किलोमीटरांची रखडपट्टी केली होती आणि तीत पडलेले साथी त्याच्या मनातून जात नव्हते. त्यांचे स्मारक दगडाचे नसावे, ज्यात शरीराला तसलेच कष्ट पडतील अशा एखाद्या कृत्याचे असावे, असे त्याच्या मनाने घेतले. माजी सैनिकांच्या संघाकडे त्याने १९१८ साली परवानगी मागितली. ती नाकारली गेली. पुढील दोन वर्षीही तेच उत्तर आले. अखेर १९२१ साली संघाने संमती दिली आणि खर्चासाठी एक पौंड उसना दिला. २४ मे १९२१ रोजी पीटरमॅरित्झबर्गच्या नगरभवनापासून ३४ जण निघाले. त्यांपैकी १६ डर्बनला पोचले. पहिला आला बिल रोवन, वेळ ८ तास ५९ मिनिटे.

त्या काळी वाटेत आजच्यासारखी पाण्याची सोय नव्हती. ज्याने त्याने आपली व्यवस्था आपण करावी, नाही तर वाटेवरच्या खाणावळींचा आणि घरांचा आश्रय घ्यावा, अशी रीत होती. १९२२ साली बिल पेन नावाचा नामांकित रग्बीपटू आपल्या खेळाचे जड बूट घालूनच धावला. त्याच्या त्या दिवसाची हकीकत नाताळात आजही रंगवून सांगतात: वाटेत थांबून अंडी वगैरेंची भरपेट न्याहारी, पुढे एका सोबत्यासह कोंबडीचा रस्सा, मग संत्री, मग शेवटच्या मोठ्या चढाच्या पायथ्याशी एका बाईने आणून दिलेली पीचची ब्रँडी, आणि नगराच्या वेशीत सासुरवाडीच्या मंडळींकडे चहा व केक. इतके सगळे पोटात घालून तो आठवा आला. सांगणाऱ्यांनी यात पदरचे मीठमसाला घातला असेल. पण या शर्यतीच्या पहिल्या दिवसांत धावणारा आणि रस्त्याकडेचा गृहस्थ यांच्यामध्ये दोरी बांधलेली नव्हती, हे त्यावरून नीट कळते. धावणारा हा त्या वाटेने आलेला पाहुणा होता, आणि त्याला काहीतरी खाऊपिऊ घालणे हे ओघानेच येत होते.

१९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड या तरुणीने प्रवेशासाठी अर्ज केला. शर्यत पुरुषांचीच, या कारणास्तव तो नाकारण्यात आला. तरी ती धावली. कोणताही अधिकृत क्रमांक नसताना तिने तो अवघा पल्ला ११ तास ३५ मिनिटांत पुरा केला. पदक देणे आयोजकांच्या नियमात बसत नव्हते आणि त्यांनी ते दिलेही नाही. तेव्हा बरोबरचे धावपटू व प्रेक्षक यांनी मिळून तिला चांदीचा चहाचा संच आणि एक गुलाबपात्र भेट दिले. वर्गणी काढून दिलेली ही भेट मला अधिकृत पदकाहून मोलाची वाटते. पदक देणाऱ्याला नियमांचा आधार असतो. या लोकांपाशी आधार होता तो एवढाच, की त्यांनी तिला स्वतःच्या डोळ्यांनी धावताना पाहिले होते. बायकांना अधिकृत प्रवेश मिळण्यास त्यानंतर ५२ वर्षे लागली.

दुसरी कथा १९३५ सालची. रॉबर्ट म्त्शाली हा कृष्णवर्णीय धावपटू त्या वर्षी अनधिकृतपणे धावला आणि साडेनऊ तासांत पोचला. त्याची वेळ नोंदवहीत उतरली नाही. परंतु समारंभाच्या वेळी नगरसभेच्या एका सभासदाने त्यास खास भेट दिली. ज्या देशात काळ्या माणसाला कोणत्या वाटेने जावे हे पदोपदी सांगितले जात होते, तेथे हे घडले हे ध्यानी घेतले पाहिजे. तथापि या औदार्याचे फार कौतुक करण्याचेही कारण नाही. भेट देणाऱ्यांनी नियम बदलला नाही, आणि नियम बदलण्यास पुढली चाळीस वर्षे गेली. १९७५ साली, म्हणजे शर्यतीच्या पन्नासाव्या खेपेस, सर्व वंशांचे लोक आणि स्त्रिया यांना प्रथमच अधिकृत प्रवेश मिळाला. त्या वर्षी लेसोथोचा व्हिन्सेंट राकाबेले विसावा आला. पहिला कृष्णवर्णीय विजेता, सॅम त्शाबालाला, लाभण्यास १९८९ साल उजाडले.

मधल्या काळात वाटेवर कोणी धावावे एवढेच नव्हे, तर वाटेच्या कडेला कोणी राहावे हेही सरकार ठरवू लागले होते. डर्बनमधून बाहेर पडताच रस्ता मेव्हिलच्या बाजूने चढू लागतो. त्याला लागून असलेला केटो मॅनोरचा भाग हे एके काळी भारतीयांच्या भाजीमळ्यांचे, छोट्या दुकानांचे व देवळांचे ठिकाण होते. गिरमिटातून सुटलेल्या कुटुंबांनी तेथे जमिनी घेऊन वाफे घातले होते, आणि पुढे आफ्रिकन कामगारांची दाट वस्तीही तेथे झाली. १९४९ साली या दोन समाजांत भीषण दंगल उसळली. ती जखम पुष्कळ दिवस भरली नाही. त्यानंतर १९५० च्या समूहक्षेत्र कायद्याचा वरवंटा फिरला. पन्नाशीच्या दशकात तो भाग गोऱ्यांसाठी राखीव ठरला आणि तेथील भारतीयांस हलविण्यात आले. त्यांतील पुष्कळांची रवानगी दक्षिणेकडील चॅट्सवर्थ या नव्या वसाहतीत झाली. घरे पडली, मळे मोडले. देवळे मात्र बरीच राहिली. १८७५ च्या सुमारास स्थापन झालेले श्री अंबलवाणर आलयम हे त्यांपैकीच. १९०५ च्या महापुरात त्याची मूळ वास्तू वाहून गेल्यावर ते पुन्हा उभारले गेले होते. भक्त दूर गेले आणि देव जागच्या जागी राहिला, अशी ही अवस्था. उत्सवास लोक लांबून येत राहिले आणि त्या देवळातील अग्निक्रीडेचा सोहळा चालू राहिला. गोमंतकातील ज्या वाचकांना देव आणि भक्त यांच्या ताटातुटीचा इतिहास ठाऊक आहे, त्यांस याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. फरक इतकाच, की आपल्याकडे भक्तांनी देव हलविले आणि तेथे भक्तांनाच हलविले गेले. शर्यत दरवर्षी तेथून जवळूनच जात राहिली. कडेला उभे राहण्याचा हक्क असलेले शेजारी मात्र तेथे उरले नव्हते.

गर्दीचे मन नेहमी उदारच असते, असा समज वरील दोन भेटींवरून कोणी करून घेऊ नये. १९८१ साली दक्षिण आफ्रिकेच्या प्रजासत्ताकास वीस वर्षे झाली म्हणून सरकारने उत्सव मांडला होता आणि शर्यतही त्या उत्सवात गोवली गेली. वर्णभेदी राजवटीच्या या सोहळ्याचा निषेध म्हणून काही धावपटू दंडास काळी फीत बांधून उतरले. त्यांत ब्रूस फोर्डिस हा गोरा विद्यार्थी होता. त्याची हुर्यो उडविण्यात आली, त्याच्यावर टोमॅटो फेकण्यात आले. तो धावत राहिला आणि त्या दिवशी पहिला आला. पुढे त्याने ही शर्यत एकूण नऊ वेळा जिंकली आणि त्याच रस्त्याच्या कडेचे लोक त्याच्या नावाचा जयघोष करू लागले. टोमॅटो फेकणारे आणि जयघोष करणारे यांत काही जण तेच असतील की काय, हा प्रश्न मनात येतो खरा. लोक बदलतात म्हणावे, की विजयी माणसाच्या पाठीशी उभे राहणे सोपे असते म्हणावे, याचा निर्णय वाचकांनी आपापल्या अनुभवाने करावा.

आता मदतीच्या व्यवस्थेविषयी. पूर्वी प्रत्येक धावपटूचा स्वतःचा मदतनीस असे. मोटारीतून किंवा दुचाकीवरून तो आपल्या माणसाच्या मागेपुढे राही. बाटली, ओला स्पंज, मीठ, साखर, कोरडे मोजे असला सरंजाम त्याच्यापाशी असे. बहुधा हा माणूस भाऊ, मित्र किंवा घरधनीण असावयाची. शर्यतीत शेकडा माणसे होती तोवर हे ठीक चालले. १९८० च्या दशकात धावणाऱ्यांची संख्या दहा हजारांच्या पलीकडे गेली, तेव्हा एवढ्या मोटारी त्या अरुंद डोंगरवाटेवर मावणे शक्य नव्हते. मग हे काम ठिकठिकाणी मांडलेल्या पाण्याच्या टेबलांकडे आले. आज अशी चाळिसांच्या आसपास ठाणी वाटेवर असतात. क्रीडामंडळे, शाळा, संस्था ती चालवितात, आणि त्यांवर उभे राहणारे स्वयंसेवक पहाटेपासून अंधार पडेपर्यंत हलत नाहीत. प्लास्टिकच्या बोटभर पिशव्यांतून थंड पाणी दिले जाते. धावणारा तिचा कोपरा दातांनी तोडतो, अर्धे पाणी पितो आणि अर्धे डोक्यावर ओततो. आषाढीच्या वाटेवर सासवड, जेजुरी, फलटण येथे दिंड्यांना पाणी, भाकरी, पिठले देणारी आणि पाय चेपणारी गावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. भेदही आहेच. वारकऱ्याच्या सेवेत सेवा करणाऱ्याचा पुण्याचा वाटा असतो आणि वाटेच्या शेवटी विठ्ठल उभा असतो. येथे वाटेच्या शेवटी एक मैदान आणि एक घड्याळ आहे.

सेवेलाही विवेक लागतो, हे या रस्त्याने वैद्यकशास्त्रास शिकविले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. जुन्या धावपटूंचा समज असा, की पळताना पाणी पिणे हे दुबळेपणाचे लक्षण. मग वारे उलट फिरले आणि जितके पाजाल तितके चांगले, असे सांगण्यात येऊ लागले. १९८१ च्या शर्यतीत एक धाविका अखेरच्या टप्प्यात भ्रमिष्टासारखी होऊन कोसळली. तिच्या शरीरात पाणी कमी पडले नव्हते, फार झाले होते. रक्तातील सोडियम धोक्याच्या पातळीपर्यंत उतरले होते. केपटाऊनचे डॉक्टर टिम नोक्स, जे स्वतः या शर्यतीत धावत असत, यांनी अशा रुग्णांचा अभ्यास करून १९८५ साली तो सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केला. तेव्हापासून तहान लागेल तितकेच प्यावे, हा सल्ला हळूहळू रुजला. प्रेमाने पुढे केलेला पेलाही अती झाला तर घातक ठरतो, हे आग्रहाने वाढणाऱ्या आपल्या घरांतून सहज पटावे.

शर्यतीच्या दिवशी हा रस्ता कसा दिसतो तेही सांगितले पाहिजे. दक्षिण गोलार्धात जून हा थंडीचा महिना. काळोखातच नगरभवनासमोर हजारो माणसे जमतात. खाणकामगारांच्या मुखी असलेले ‘शोशोलोझा’ हे गीत धावणारेच गातात, आणि मग कोंबडा आरवतो. हा आरव माणसाचा आहे: १९४८ साली मॅक्स ट्रिम्बोर्न नावाच्या धावपटूला सुरुवातीच्या ताणात स्वतःला आवरवेना, म्हणून त्याने तोंडाने कोंबड्याची बांग दिली; ती प्रथाच होऊन बसली आणि आता तिचे ध्वनिमुद्रण वाजविले जाते. वाटेवर लोक खुर्च्या, घोंगड्या, शेगड्या घेऊन बसलेले असतात. निखाऱ्यांवर काही ना काही भाजले जात असते आणि त्याचा वास उपाशी धावणाऱ्याच्या नाकात शिरतो, ही तक्रार जुनी आहे. छातीवरील फलकावर धावणाऱ्याचे नाव असते, त्यामुळे पूर्णपणे अनोळखी माणूसही त्याला नावाने हाक मारू शकतो. फलकाचा रंगही बोलतो: दहा वेळा पल्ला पुरा केलेल्यांस हिरवा क्रमांक कायमचा मिळतो, आणि तो दिसला की कडेचे जाणते लोक निराळ्याच आदराने टाळ्या वाजवतात.

अर्ध्या वाटेवर ड्रमंडच्या अलीकडे-पलीकडे दरडीत कोरल्यासारखी एक बैठक आहे. पाच वेळा विजयी झालेला आर्थर न्यूटन तेथे विसावा घेत असे, अशी आख्यायिका आहे. धावणारे तेथे एखादे रानफूल ठेवतात आणि ‘सुप्रभात, महाराज’ अशा अर्थाचे अभिवादन करून पुढे जातात. न केल्यास उरलेली वाट कठीण जाते म्हणे! घाटाच्या तोंडाशी असलेल्या देवाला नारळ न देता पुढे न जाणाऱ्या आपल्या गाडीवानांना यात नवल वाटले नसते.

त्याच टापूत इंचांगाच्या बाजूस एथेम्बेनी ही शाळा आहे. झुलू भाषेत या नावाचा अर्थ ‘आशेच्या ठिकाणी’. अपंग आणि दृष्टिहीन मुले तेथे शिकतात. शर्यतीच्या दिवशी ही मुले रस्त्याकडेला ओळीने बसतात, कोणी चाकाच्या खुर्चीत, कोणी कुबड्या टेकून, आणि हात पुढे धरून ठेवतात. येणारा प्रत्येक धावपटू त्या हातांवर हात टेकवीत जातो. त्यांतील काही मुलांना धावणारे दिसत नाहीत. पावलांचा आवाज येतो, तळहाताला घाम लागतो, आणि तेवढ्यावर ती ओरडतात. या ओळीजवळ आल्यावर वेग उतरतो, मिनिटे जातात. हिशेबी धावपटूही तेथे हिशेब करीत नाहीत.

२०२० आणि २०२१ साली महामारीमुळे हा रस्ता रिकामा राहिला. त्याआधी शर्यत बंद राहिली होती ती दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ती पुन्हा सुरू झाली.

पल्ला पुरा करण्याची मुदत १९२८ पासून ११ तासांची होती. २००३ पासून ती १२ तासांची आहे. खरी गर्दी मैदानात जमते ती विजेत्यासाठी नव्हे, तर या मुदतीच्या अखेरच्या दहा मिनिटांसाठी. १९३० साली एकविसाव्या वर्षी ही शर्यत जिंकणारा वॉली हेवर्ड १९८८ साली वयाच्या ७९ व्या वर्षी पुन्हा उतरला आणि पावणेदहा तासांच्या आत पोचला. पुढल्या वर्षी, ऐंशी वर्षांचा असताना, तो मैदानात आला तेव्हा मुदतीची दोन मिनिटेही उरली नव्हती. लोक उभे राहून ओरडत होते. त्यांतल्या बहुतेकांचा जन्मही त्याच्या पहिल्या विजयाच्या वेळी झाला नव्हता.

मुदत संपताना एक अधिकारी पिस्तूल घेऊन अंतिम रेषेवर येतो आणि धावत येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो. कोणाचा चेहरा दिसून हात थबकू नये, म्हणून ही रीत. वर्षभर सराव करून, पहाटेपासून धावून, रेषेपासून दहा पावलांवर असलेल्या माणसालाही त्या आवाजानंतर पदक मिळत नाही. २०१९ पासून नऊ ते दहा तासांत येणाऱ्यांना जे पदक दिले जाते त्यास रॉबर्ट म्त्शालीचे नाव आहे. तो ज्या वेळेत आला होता, तिला नोंदवहीत जागा मिळाली ती अशी, ८४ वर्षांनी. पिस्तुलाचा आवाज झाल्यावरही माणसे येतच असतात, काही एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, काही अगदी एकटी. प्रेक्षक त्यांच्याकडे तोंड करून असतात आणि टाळ्या थांबलेल्या नसतात.